सहलीचा धूर कुणाच्या खात्यात?

पावसाळ्यातल्या रविवारी डोंबिवलीचे चौघे गाडी काढून मुरबाडमार्गे माळशेज घाटात निघाले. जाऊन-येऊन साधारण 180 किलोमीटर. गाडी लिटरला 15 किलोमीटर चालली, तर 12 लिटर पेट्रोल. एका लिटरमागे सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे 27-28 किलो. माणशी जेमतेम 7. घाटात वाहनांची रांग लागली आणि इंजिनं सुरूच राहिली, की आकडा फुगलाच!

इथवर सोपं आहे. खरी गोम पुढे. वाटेत मुरबाडला मिसळ झाली. त्याच हॉटेलात गावातली माणसंही खातात. मग गॅस सिलिंडरचा किती भाग पर्यटनाच्या नावे लिहायचा? म्हणून आधी त्या धंद्याच्या उलाढालीत पर्यटकांचा वाटा किती ते काढतात, आणि त्याच प्रमाणात धूरही वाटून देतात. पर्यटनाच्या पैशांचा असा हिशेब भारताने 2015-16 या वर्षासाठी मांडलेला आहे.

ठाण्याचं कुटुंब बँकॉकला गेलं, तर धूर भारताचा की थायलंडचा? दोन्ही पद्धती रूढ आहेत. माझ्या मते, जो फिरतो त्याच्या देशाच्या नावे तो लागावा. खातं कुणाचंही धरा, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या 160 देशांच्या अभ्यासाने वस्तू, जेवणखाण, खरेदी सगळं धरून जगाच्या उत्सर्जनात पर्यटनाचा वाटा सुमारे 8 टक्के काढला.

आणि लोकलने टिटवाळ्याच्या गणपतीला जाणारा भाविक? गाडी विजेची, धूर वीजकेंद्रात, तोही डब्यातल्या सगळ्या गर्दीत वाटलेला. त्याच्या वाट्याला येतं अगदीच किरकोळ.