जुन्या कर्ण्यांची पारख आणि दुरुस्ती

सन १९२६ मध्ये अमेरिकेत व्हायटाफोन पद्धतीचे ध्वनिपट दाखविले जाऊ लागले, तेव्हा चालकांपुढे एक अडचण होती. त्या काळच्या ध्वनिवर्धकाची शक्ती अगदी थोडी, आणि सभागृह मात्र शेकडो प्रेक्षकांचे! बेल प्रयोगशाळेतील वेंट आणि थुरास या संशोधकांनी ती अडचण दूर केली. केसाहून जाड नसलेले धातूचे पटल, त्याला जोडलेले तारेचे वेटोळे, भोवती प्रबळ चुंबक आणि पुढे हळूहळू रुंद होत जाणारा कर्णा अशी ही योजना होती. कर्ण्याच्या मुळाशी बसणाऱ्या या घटकाला कारागीर ‘ड्रायव्हर’ म्हणतात. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ५५५ क्रमांकाचा ड्रायव्हर तो हाच. पुढे १९४५ च्या सुमारास आल्टेक लान्सिंगचा २८८ आणि १९५४ मध्ये जेबीएलचा ३७५ हे त्याच कुळातले ड्रायव्हर आले.

चित्रपटगृहांतून निवृत्त झालेले हे ड्रायव्हर आज संगीतप्रेमींच्या घरी पोहोचले आहेत. याचे कारण केवळ जुन्याची हौस नव्हे. कागदी शंकूचा साधा ध्वनिक्षेपक मिळालेल्या विजेचा शंभरातील एखादा भागच ध्वनीत उतरवितो; उत्तम कर्ण्यावरचा ड्रायव्हर वीस-पंचवीस भागांपर्यंत मजल मारतो. म्हणूनच आठ वॅटांचा लहानसा व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धकही त्याला पुरून उरतो, आणि गायकाच्या श्वासासारखा सूक्ष्म तपशीलही कानी पडतो.

परंतु विकत घेणाऱ्याने बाहेरच्या रंगावर भुलू नये. ड्रायव्हरचा प्राण आत असतो. प्रथम त्याचे मुख पाहावे. आल्टेक ८०२ चे मुख १ इंचाचे, २८८ चे १.४ इंचाचे, तर ३७५ चे २ इंचांचे असते. कर्ण्याचा गळा त्याच मापाचा हवा. नंतर दोन्ही ड्रायव्हरच्या वेटोळ्यांचा रोध मोजावा. १६ ओहमच्या ड्रायव्हरचा रोध मीटरवर त्याहून कमी दिसतो, हा दोष नव्हे. मात्र जोडीतील दोन आकडे एकमेकांजवळ असले पाहिजेत. शेवटी मागचे झाकण उघडून पटलावर पोचे, चिरा किंवा पांढरी बुरशीसारखी गंजपूड आहे काय, ते पाहावे. जुन्या ५५५ मध्ये कायम चुंबक नसून विद्युत्‌चुंबक असतो. त्याला ७ व्होल्टांचा शुद्ध, स्थिर एकदिश प्रवाह लागतो. प्रवाह अशुद्ध असेल तर संगीताबरोबर गुणगुणही ऐकू येते.

दुरुस्तीत उतावीळ हात हाच मोठा शत्रू. आल्टेक आणि जेबीएलच्या ड्रायव्हरांत पटल मागच्या बाजूने निघते. त्यासाठी चुंबकाचे भाग सुटे करावे लागत नाहीत आणि करूही नयेत. अल्निको चुंबकाची जोडणी मोडली, किंवा तो जोराने आपटला, की त्याची शक्ती घटते. मग पुन्हा चुंबकन करून घेतल्यावाचून गत्यंतर नाही. लोखंडी पेचकसही जवळ आणू नये. चुंबक तो हातातून खेचून घेतो आणि क्षणार्धात पटल फाडतो. पितळेची किंवा प्लॅस्टिकची हत्यारे वापरावीत. वेटोळ्याच्या फटीतील लोखंडाचे कण फुंकून जात नाहीत. ताठ कागदाला चिकटपट्टी गुंडाळून ती फटीतून संथपणे फिरविल्यास ते चिकटून बाहेर येतात.

पटल बसविल्यावर ते फटीच्या मध्यभागी आहे की नाही, हे कानाने ठरवावे. क्षीण प्रवाहावर ५०० आवर्तनांपासून वरपर्यंत स्वर हळूहळू चढवीत न्यावा. कुठे खरखर आली, तर पेच सैल करून पटल किंचित सरकवावे. खालचे स्वर मात्र कटाक्षाने टाळावेत. कर्णा ज्या मर्यादेखाली हवेचा भार देत नाही, तेथे पटल बेफाम हालते आणि आदळून फुटते. यासाठी मालिकेत कपॅसिटर घालावे. १६ ओहमच्या ड्रायव्हरला २० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर सुमारे ५०० आवर्तनांच्या खालचा प्रवाह उतरता करते.

खरी कसोटी यापुढची. मूळ पटल जुने आहे, पण निर्दोष आहे. नवे पटल बाजारात मिळते. बदलावे काय? नव्या पटलाची धातू आणि कडेची घडण निराळी असू शकते, आणि त्याबरोबर स्वराचा रंगही पालटतो. मूळ पटल एकदा फाटले की तसेच दुसरे मिळणे दुर्घट. म्हणून जे चालते आहे ते राहू द्यावे. बदलणे भागच पडले तर जोडीतील दोन्ही बदलावीत आणि जुनी पटले टाकून न देता जपून ठेवावीत.

जुन्या वस्तूला नवी करणे ही दुरुस्ती नव्हे. तिच्यात जे अजून शाबूत आहे, ते ओळखून तेथे हात आवरणे, हीच दुरुस्ती करणाऱ्याची खरी विद्या होय.