मिटलेला तंटा आणि दडपलेला तंटा

(इंदापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संकलित भाग)



गावातील समाजविघातक कृत्यांची तक्रार कशी व्हावी आणि तिचे निवारण कसे व्हावे, हा विषय आपण मला दिलात. वरकरणी हा पोलीस खात्याचा प्रश्न वाटतो. समाजवादी कार्यकर्त्यांनी त्यावर एक सकाळ का खर्च करावी, असे कोणी विचारले तर ते गैर ठरणार नाही. माझे उत्तर इतकेच की, ज्या गावात दुबळा माणूस निर्भयपणे तक्रार करू शकत नाही, त्या गावात ग्रामसभा, सहकार आणि निवडणूक ही लोकशाहीची सारी अंगे कागदावरच राहतात.

आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. गावात दोन जातींची प्रकरणे असतात. बांध कोरला, पाणंद अडवली, कालव्याच्या पाळीचे पाणी चोरले, यावरून दोन शेजाऱ्यांत होणारे भांडण ही पहिली जात. नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाला शेती करणाऱ्या आपल्या तालुक्याला हे भांडण नवे नाही. येथे दोन्ही पक्ष कमीअधिक प्रमाणात सारख्या बळाचे असतात आणि दोघांनाही उद्या एकाच पारावर बसायचे असते. दुसरी जात हातभट्टीची, मटक्याची आणि वाळूचोरीची. तिच्यात भांडण नसतेच. एका बाजूला धंदा असतो आणि दुसऱ्या बाजूला त्याची झळ सोसणारे गाव असते. पहिल्या जातीवर तडजोड हा उत्तम उपाय आहे. दुसऱ्या जातीत तडजोड म्हणजे शरणागती होय. आपल्या सार्वजनिक व्यवहारातील बराच घोटाळा हा भेद विसरल्यामुळे होतो.

वाळूचे उदाहरण घ्या. 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा आपल्या तालुक्याच्या उत्तर सीमेला लागून आहे. त्या पाण्यातून यांत्रिक बोटींनी वाळू उपसली जाते, रात्रीतून वाहनांत भरली जाते आणि शहरांकडे रवाना होते. महसूल खाते अधूनमधून बोटी पकडते, त्या फोडते, बुडवते. काही दिवसांनी दुसऱ्या बोटी दिसू लागतात. जमीन महसूल संहितेच्या कलम 48 प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. असे असूनही हा धंदा चालतो, कारण नफा रोज मिळतो आणि दंड क्वचित होतो. कायद्याची जरब दंडाच्या आकड्यावर ठरत नसून पकडले जाण्याच्या खात्रीवर ठरते. ही खात्री गावातून येणाऱ्या माहितीवाचून निर्माण होऊ शकत नाही.

मग गाव माहिती का देत नाही? लोक भित्रे आहेत, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हे निदान पटत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ऑल्सन यांनी 1965 साली सामूहिक कृतीविषयीच्या आपल्या ग्रंथात एक साधी गोष्ट दाखवून दिली. ज्या कामाचा लाभ सर्वांना होतो पण ज्याची किंमत एकट्याला मोजावी लागते, ते काम करण्यास सहसा कोणी पुढे येत नाही. रस्ता उखडला तर नुकसान साऱ्या गावाचे होते. विहिरीची पातळी खालावली तर ती साऱ्या शिवाराची खालावते. तक्रारीच्या कागदावर सही मात्र एकाची असते, आणि रात्री दार वाजते ते त्या एकाचेच. त्याचे मौन हा भित्रेपणा नसून हिशेब आहे, आणि हिशेब बदलल्याखेरीज वागणूक बदलत नाही.

हा हिशेब किती कठोर आहे याची साक्ष आपल्याच जिल्ह्यात मिळते. जमिनींच्या गैरव्यवहारांविरुद्ध माहितीच्या अधिकाराचा वापर करणारे सतीश शेट्टी यांचा 13 जानेवारी 2010 रोजी तळेगाव दाभाडे येथे खून झाला. त्यांनी त्यापूर्वी पोलीस संरक्षण मागितले होते. मे 2024 मध्ये याच इंदापूर शहरात खुद्द तहसीलदारांच्या गाडीवर भर दिवसा हल्ला झाला. ज्याच्यामागे शासनाची मुद्रा उभी आहे त्याची ही गत, तर कोरडवाहू दोन एकरांच्या धन्याने कोणाच्या भरवशावर तोंड उघडावे?

शासनाने गावपातळीवर काही केलेच नाही, असे मी म्हणणार नाही. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने 15 ऑगस्ट 2007 रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडावी, तिने गावातील तंटे सामोपचाराने मिटवावेत आणि यशस्वी गावाला लोकसंख्येनुसार रोख पुरस्कार मिळावा, अशी तिची रचना होती. कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या कितीतरी कुटुंबांची तिने सुटका केली, हे मान्य केले पाहिजे. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला तिच्यातील एक दोष सुरुवातीपासून खटकत आला. ज्याचे मोजमाप होते आणि ज्यावर बक्षीस मिळते, त्याची वाढ होते. येथे मोजमाप होते मिटलेल्या तंट्यांचे. त्यामुळे तक्रार करणारा माणूस हा गावाच्या पुरस्कारातील अडथळा ठरण्याचा धोका निर्माण झाला. 'गावाची अब्रू जाईल, मिटवून टाक' हे वाक्य अशा वेळी नेहमी दुबळ्यालाच ऐकवले जाते. दांडग्याला ते ऐकवण्याची कोणाची छाती नसते. मार खाल्लेली स्त्री, जातीवरून अपमानित झालेला मजूर यांना तडजोडीच्या सतरंजीवर बसवणे हा सामोपचार नव्हे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 खालील गुन्हे आपसांत मिटवण्याची मुभा कायद्याने ठेवलेलीच नाही, हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असले पाहिजे. वेशीवर तंटामुक्तीचा फलक लागला म्हणून गावात न्याय नांदू लागतो असे नाही.

मग मार्ग कोणता? तक्रार एकट्याची राहू न देणे, हा. शहाद्याकडे पाहा. 1972 नंतर तेथे श्रमिक संघटनेच्या चळवळीत उतरलेल्या आदिवासी स्त्रियांनी दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला गावासमोर जाब विचारला. एकेकटीला जे जन्मभर बोलता आले नव्हते, ते त्या जमावाने बोलल्या. आज कायद्यानेही अशा सामूहिक तक्रारीला एक रूप दिले आहे. परवाना असलेले दारूचे दुकान बंद करण्यासाठी गावातील 25 टक्के स्त्री मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान घेतले जाते, आणि एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते. या तरतुदीतील मर्म ओळखा. येथे तक्रार शेकडो जणींची आहे आणि सूड घ्यावा असा एकही चेहरा नाही. विनापरवाना हातभट्टीसाठी 2016 च्या दारूबंदी कायदा दुरुस्तीने ग्रामरक्षक दलाची तरतूद केली. तक्रारदारावर बहिष्कार घालणाऱ्यांसाठी 3 जुलै 2017 पासून सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा अमलात आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. हत्यारे आहेत, ती उचलणारे हात संघटित नाहीत.

2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पाणी, कुरण, मासेमारी यांसारखी सामाईक साधने पिढ्यान्‌पिढ्या टिकवणाऱ्या समाजांचा अभ्यास केला. तेथे त्यांना तीन गोष्टी आढळल्या: राखण करणारे लोकांना जबाबदार असतात, तंटा सोडवण्याची जागा जवळ आणि स्वस्त असते, आणि शिक्षा चढत्या क्रमाने होते, म्हणजे प्रथम समज आणि मग दंड. आपल्या ग्रामसभेला हे अशक्य नाही.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्यापैकी कित्येकांची गावातील प्रतिष्ठा 'साहेबांना फोन करून प्रकरण मिटवणारा' अशी आहे. मित्रहो, ही प्रतिष्ठा आपण सोडली पाहिजे. आज जो फोन आपण गरिबासाठी करतो, तोच फोन उद्या वाळूवाल्यासाठी दुसरा पुढारी करतो, आणि त्याच्या फोनला वजन अधिक असते. त्याऐवजी तीन कामे अंगावर घ्या. पहिले, तक्रार लेखी करा, तिच्यावर किमान पंचवीस सह्या घ्या आणि पोच जपून ठेवा. दुसरे, दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा निर्णय लोकांना समजावून द्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी जाता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तिसरे, प्रत्येक ग्रामसभेत मागील तक्रारींचे काय झाले हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आणा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.

हे काम किचकट आहे. यात हार-तुरे नाहीत, छायाचित्र नाही. पण तक्रार केलेल्या माणसाच्या ओसरीवर त्या रात्री आपल्यापैकी चार जण मुक्कामाला गेले, तर त्याचा हिशेब बदलेल, आणि पुढच्या तक्रारीवर सही करायला दुसरा माणूस आपण होऊन येईल. समाजवादाचा गावातला आरंभ मला त्या ओसरीवर दिसतो.