वेष आणि वेषकर्ता



आपल्या मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना बालगंधर्वांनी नेसलेल्या भरजरी शालूंचा उल्लेख आपण अगत्याने करतो. परंतु त्या काळी नाटकमंडळींच्या बिऱ्हाडी रात्र रात्र जागून चोळ्या बेतणाऱ्या आणि अंगरख्यांना अस्तर लावणाऱ्या शिंप्याचे नाव कोणी विचारले, तर ते फार थोड्यांना सांगता येईल. वेष धारण करणारा निराळा, सिद्ध करणारा निराळा, आणि कीर्तीचा वाटा बहुतेक पहिल्याच्याच पदरी पडावयाचा, असा शिरस्ता पुष्कळ ठिकाणी चालत आला आहे. आज जिच्याविषयी बोलण्याचे मी योजिले आहे त्या कलेत हे दोघे बहुधा एकच असतात, आणि म्हणूनच तिच्याविषयी मला विशेष आस्था वाटते. तिला कॉस्प्ले म्हणतात. चित्रकथेतील, चित्रपटातील अथवा संगणकावरील खेळातील एखादे पात्र निवडावे, त्याचा संपूर्ण पोशाख स्वहस्ते घडवावा, आणि तो अंगावर घालून समानधर्मी रसिकांच्या मेळाव्यास जावे, असे तिचे स्वरूप आहे. तयार पोशाख विकत घेणारेही पुष्कळ आहेत, व त्यांच्या आनंदाविषयी माझी काही तक्रार नाही. पण या कलेचा प्राण घडविण्यात आहे, असे माझे मत आहे.

हिचा आरंभ शोधू गेल्यास १९३९ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क शहरी भरलेल्या विज्ञानकथाप्रेमींच्या पहिल्या जागतिक संमेलनाशी आपण येऊन पोहोचतो. लॉस एंजेलिसहून आलेले फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघेच तेथे भविष्यकाळातील माणसांचे पोशाख घालून वावरले. एच. जी. वेल्स यांच्या कथेवरील १९३६ चा चित्रपट आणि फ्रँक पॉल या चित्रकाराची मासिकांतील चित्रे, यांवरून ते पोशाख सुचले होते. पुढल्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात वेषधाऱ्यांची गर्दी झाली. या प्रथेचे जनक म्हणून पुष्कळ वर्षे ॲकरमन यांचे नाव घेतले गेले. परंतु दोन्ही पोशाखांची कल्पना आणि शिवण मर्टल डग्लस यांची होती, ही गोष्ट फार उशिरा लोकांच्या ध्यानी आली. ज्या कलेत वेषकर्त्याला मान मिळावयाचा, तिच्या पहिल्याच पानावर वेषकर्तीचे नाव गाळले जावे, याचे मला वाईट वाटते.

शब्द मात्र जपानचा. १९८३ साली नोबुयुकी ताकाहाशी यांनी एका मासिकातील लेखात वेष आणि खेळ या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांची संधी करून तो घडविला. तत्पूर्वीच, १९७५ पासून तोक्यो येथे भरू लागलेल्या हौशी चित्रकथाकारांच्या बाजारात अशा वेषांना आश्रय मिळाला होता, आणि तेथे एक कडक दस्तूर पडला आहे: घरून वेष करून यावयाचे नाही, तेथील दालनात तो चढवावयाचा, व परतताना उतरवून नित्याच्या कपड्यांत जावयाचे. रस्त्यावरील परक्या माणसास आपल्या हौसेचा उपद्रव होऊ नये, ही त्यामागील दृष्टी मला फार सभ्य वाटते.

आता घडविण्याच्या कौशल्याकडे वळतो. चित्रकाराची रेषा गुरुत्वाकर्षणाला बांधलेली नसते. नाओको ताकेउची यांच्या १९९१ साली सुरू झालेल्या ‘सेलर मून’ या चित्रमालिकेतील नायिकेच्या छातीवरची फीत कितीही धावपळ झाली तरी फुललेलीच राहते, आणि तिच्या दोन अंबाड्यांतून निघालेले केस पायांपर्यंत लांब असूनही तिच्या मानेला त्यांचा भार जाणवत नाही. खरे कापड मात्र लोंबते, चुरगळते, घामाने भिजते. तेव्हा फितीच्या पोटात बकरम घालावे की बारीक तार, झग्याच्या चुण्या किती खोल घ्याव्यात, कृत्रिम केसांचा भार डोक्यावर कोठे तोलावा, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शिवणाऱ्याला स्वतःच शोधावे लागते, कारण चित्रात पात्राची पाठ क्वचितच दिसते आणि शिवण तर कोठेच दिसत नाही. जे चित्रकाराने काढलेच नाही ते सुसंगतपणे पुरे करणे, यात या कलेतील निर्मिती आहे. तिला नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल.

चिलखताची कथा याहून विस्मयकारक आहे. आपल्याकडे चपलांच्या तळव्यांना वापरतात तो ईव्हीए नावाचा हलका फोम जगभरच्या वेषकर्त्यांचे पोलाद झाला आहे. प्रथम धडाभोवती पातळ प्लास्टिक गुंडाळावयाचे, त्यावर चिकटपट्ट्या लावावयाच्या, त्यांवर चिलखताच्या रेषा आखावयाच्या, आणि ते कवच कापून सपाट केले की अंगाबरहुकूम बेत हाती येतो. त्या बेताने फोम कापावयाचा. गोलाई हवी असेल तेथे कडा तिरक्या छेदावयाच्या. गरम हवेच्या यंत्राने तो तापवून मांडीवर किंवा घागरीवर दाबून वाकवावयाचा, म्हणजे निवल्यावर तोच आकार राहतो, आणि उष्णतेने पृष्ठभागाची छिद्रे मिटल्यामुळे पुढे रंगही शोषला जात नाही. चांभारकामातील रबरी डिंक दोन्ही कडांना लावून, तो हाताला चिकटेनासा झाल्यावरच कडा जोडावयाच्या. घाई केली तर सांधा उकलतो. शेवटी रुपेरी रंग, त्यावर पातळ काळा रंग, आणि तो लगेच फडक्याने पुसावयाचा, की खाचांत उरलेल्या काजळीने ते चिलखत दहा लढाया पाहून आल्यासारखे दिसते. अलीकडे त्रिमितीय मुद्रणयंत्रावर शिरस्त्राणे थरांवर थर चढवून काढतात, परंतु ते थर पॉलिश पेपरने घासून नाहीसे करण्याचे काम हातालाच करावे लागते.

प्रवृत्ती म्हणाल तर आज दोन दिसतात. एक, मूळ नमुन्याशी काटेकोर इमान राखणाऱ्यांची. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील सैनिकांचे वेष करणारी एक संघटना अमेरिकेत १९९७ साली स्थापन झाली. तिच्यात प्रवेश हवा असेल तर पोशाखाच्या अंगोपांगांचा लेखी तपशील पाळून मंजुरी मिळवावी लागते. दुसरी प्रवृत्ती रूपांतराची. कोणी पुरुषपात्राला स्त्रीवेषात आणतो, कोणी आधुनिक वीराला शतकापूर्वीचा कोट चढवितो. मलेशिया आणि इंडोनेशिया येथील कित्येक मुस्लिम तरुणी आपला हिजाबच पात्राच्या केसांच्या रंगाचा निवडून, त्याला अशा घड्या घालतात की त्या केशरचनेचा भास व्हावा. स्वतःचा आचारही सुटत नाही आणि पात्रही ओळखू येते. अमेरिकेत चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या मुलांसाठी त्या खुर्चीचेच जहाज किंवा विमान करून देणारे कारागीर आहेत. पहिल्या प्रवृत्तीपासून हाताला शिस्त लागते, हे मला मान्य आहे. पण माझे मन दुसरीकडे ओढ घेते, कारण तेथे वेष करणाऱ्याचे स्वतःचे आयुष्य वेषात उतरते.

माझी एक भाची पुण्यास राहते. मागल्या हिवाळ्यात तिने एका जपानी खेळातील योद्ध्याचे सोंग घेतले. खांद्यांवर आणि छातीवर फोमचे चिलखत होते. खाली मात्र मूळ पात्राच्या विजारीऐवजी तिने काष्टा घालून नऊवारी नेसली होती. का म्हणून विचारता ती म्हणाली, “मामा, यात पाय मोकळे राहतात, आणि आजीच्या पेटीत लुगडे पडूनच होते.” सहा आठवडे तिच्या घराच्या सज्जात डिंकाचा वास भरून होता. मेळाव्यात तिला बक्षीस मिळाले नाही. तेथील एका परीक्षकबाईंनी मात्र चिलखताची बाजू उलटून आतले अस्तर पाहिले, खांद्याचा सांधा बोटाने चाचपला, आणि तो कसा जोडला हे तिला विचारले. घरी आल्यावर प्रथम ती तेच सांगत होती. दुसऱ्या दिवशी तिने लुगडे धुऊन घडी करून पेटीत ठेवले. आणि चिलखताचे कागदी बेत एका मोठ्या पाकिटात घालताना प्रत्येकावर पेन्सिलीने लिहिले: डावा खांदा, उजवा खांदा, छाती, पाठ. पाकिटावर, कोपऱ्यात, तिने आपले नाव घातले.