जेवायला कुणाबरोबर बसायचं?

साहस म्हटलं की हिमालय आठवतो, नाहीतर सह्याद्रीतला एखादा अवघड कडा. त्याला रजा लागते, पैसा लागतो, धडधाकट गुडघे लागतात. आज मी ज्या साहसाबद्दल बोलणार आहे, ते घरबसल्या करता येतं. तरीही ते फार थोड्यांना जमतं.

इरावती कर्वे आपल्याला ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ठाऊक आहेत. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्म, बर्लिनमध्ये डॉक्टरेट, पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन आणि संशोधन. हे झालं चरित्रकोशातलं. पण रोजच्या वागण्यातही बाई निराळ्या होत्या. नवऱ्याला त्या सरळ ‘दिनू’ अशी हाक मारत. बाईनं स्कूटर चालवणं हे पुण्यात नवल होतं, तेव्हा त्या खुशाल स्कूटरवरून हिंडत. लोक वळून बघणार हे ठाऊक असूनही आपल्याला पटेल तसं वागायचं, याची त्यांनी स्वतःला सवय लावून घेतली होती.

ही सवय त्यांना कुठवर घेऊन गेली, ते ‘वाटचाल’ या त्यांच्या लेखात वाचायला मिळतं. इरावतीबाई पंढरीच्या वारीला पायी गेल्या. दिंडीतली ब्राह्मण आणि मराठा मंडळी एका वाटेनं चालत, एकच अभंग गात. जेवणाची वेळ झाली की मात्र पंगती वेगळ्या. बाईंना हे रोज खटकायचं. मग त्या मराठा बायकांमध्ये मिसळल्या, त्यांच्याबरोबर जेवल्या. हळूहळू त्या बायका त्यांना ‘ताई’ म्हणू लागल्या, हात धरून चालता चालता घरातलं सुखदुःख सांगू लागल्या. पुण्याला आलो की तुमच्याकडे येऊ, असंही काहीजणी म्हणाल्या. तेव्हा एका तरुण मुलीनं विचारलं, की तिथंही तुम्ही आमच्याशी असंच वागाल का? हा साधा प्रश्न इरावतीबाईंच्या जिव्हारी लागला.

श्रोतेहो, तो प्रश्न आपल्यालाही आहे. प्रवासात आपण सगळेच उदार असतो. अनोळखी माणसाशी गप्पा मारतो, त्याच्या डब्यातला घासही घेतो. खरी परीक्षा घरी परतल्यावर होते. आजही कितीतरी घरांत कामाला येणाऱ्या ताईंचा कप वेगळा असतो, आणि चहा प्यायची त्यांची जागा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जमिनीवर. हे कुणी ठरवलेलं नसतं. चालत आलेलं असतं, म्हणून चालू राहतं.

उद्या सकाळी तो कप काढून टाका. त्यांना खुर्ची द्या, आपल्याच कपबशीतला चहा द्या आणि समोर बसून आपणही घ्या. घरातलं कुणी नाक मुरडेल, त्या स्वतःही संकोचतील. म्हणून एका दिवसावर थांबू नका, परवाही तसंच करा. आणि त्या बोलू लागल्या, की मधे न बोलता ऐका.