पदविका कोणाची?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भुलाबाईची गाणी आणि पाककृतींची स्पर्धा यांच्या मध्ये तंत्रशिक्षणावर भाषण ठेवायचे, ही कल्पना आपल्या चिटणीसबाईंची. मी आयुष्यभर तंत्रनिकेतनातल्या मुलामुलींना गणित शिकविले, एवढाच माझा अधिकार. तेव्हा कंटाळा आला तर खुशाल जांभया द्या. वर्गात मला त्याची सवय झालेली आहे.

विषय सुचला तो मूर्तिजापूरच्या एका बाईंमुळे. गेल्या उन्हाळ्यात त्या मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगी स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेची शेवटची परीक्षा देऊन बसलेली, आधीचे गुण चांगले. पण चुलत्यांनी घरात सांगून ठेवले होते की पदविका काही विद्यापीठाची नसते, तेव्हा तिला किंमत नाही. पोरीने बारावी केली असती तर बरे झाले असते. बाई मला म्हणाल्या, "तीन वर्सं पोरगी खपली, अन् आता म्हंतेत का हे विद्यापीठाचं नाही. तं मंग हे कोनाचं वो, मॅडम?"

प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर सांगताना मला त्यांना दोनदा चहा करून द्यावा लागला.

पदवी हा कायद्याने राखून ठेवलेला शब्द आहे. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याप्रमाणे पदवी द्यायची ती विद्यापीठाने, किंवा संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थेने. पदविकेचे तसे नाही. आपल्याकडे ती देते महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ. त्या मंडळाचा कायदा १९९७ चा. आपले अमरावतीचे शासकीय तंत्रनिकेतन १९५५ पासूनचे, म्हणजे आपल्या अमरावती विद्यापीठाहून अठ्ठावीस वर्षांनी मोठे. आणि ते स्वायत्त असल्यामुळे परीक्षाही स्वतःच घेते. विद्यापीठ १ मे १९८३ रोजी निघाले. तोवर वऱ्हाडातली महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. थोरल्या बहिणीच्या लग्नात धाकटीची सही लागत नाही, तसेच हे. पदविकेवर विद्यापीठाचा शिक्का नाही, याचा अर्थ ती बेवारशी आहे असा नव्हे.

आता चुलत्यांचे म्हणणे अगदीच खोटे होते काय? तसेही नाही. मान्यतेवाचून शिक्षणाची कशी परवड होते, हे बायकांना कोणी वेगळे सांगायला नको. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. शिक्षण मातृभाषेतून, पदव्यांची नावेसुद्धा आपली, गृहीतागमा आणि प्रदेयागमा. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. परंतु सरकारदरबारी त्या विद्यापीठाला रीतसर मान्यता मिळायला १९५१ साल उजाडले. पस्तीस वर्षे ह्या बायका शिकत राहिल्या, आणि "तुमची पदवी कोणती? कोणाची?" हे ऐकत राहिल्या. त्याच विद्यापीठाने पुढे १९७६ साली मुंबईत मुलींचे तंत्रनिकेतन काढले, हे मला फार आवडते.

पदविकाधारकांनी पदवीसाठी काय काय खटाटोप केले, ते मी घरातच पाहिले आहे. आमचे हे पाटबंधारे खात्यात होते, पदविकेवर लागलेले. दिवसभर कालव्यावर आणि रात्री इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या ए.एम.आय.ई. परीक्षेचा अभ्यास. आधी 'अ' विभाग, मग 'ब' विभाग. वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत, पुस्तके तेवढी. दोन मुलांचे पाळणे हलवीत मीच त्यांना विकलक समीकरणे समजावून दिली आहेत, हे आज ते नाहीत म्हणून बिनदिक्कत सांगते. ती परीक्षा पदवीच्या बरोबरीची धरली जाई. आता ती वाट बंद झाली. ३१ मे २०१३ पर्यंत ज्यांनी नाव नोंदविले त्यांचीच मान्यता कायम राहिली.

दुसरी एक वाट होती, तिने मात्र घात केला. माझ्या ओळखीच्या एक बाई पदविकेवर नोकरी करीत होत्या. मूल लहान, रजा मिळायची नाही. परप्रांतातल्या एका संस्थेची पत्रद्वारा अभियांत्रिकीची पदवी मिळते असे त्यांना कोणी सांगितले. २००६ साली त्यांनी नाव घातले, त्यासाठी दोन पाटल्या मोडल्या. पदवी हाती आली, ती चौकटीत घालून दिवाणखान्यात लावली. पुढे ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेवाचून अभिमत विद्यापीठांनी पत्रद्वारा दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्या टिकणार नाहीत, असा तो निकाल. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांना परीक्षा देऊन पदवी राखण्याची संधी मिळाली. त्यानंतरच्यांची पदवीच रद्द झाली. बाईंची बढती अडली ती अडलीच. मी भेटायला गेले तेव्हा भिंतीवर चौकटीची नुसती खूण उरली होती. त्या मला म्हणाल्या, "पदवी गेली, पदविका कोणी नेली नाही. नोकरी तिच्यावरच आहे." म्हणून म्हणते, भगिनींनो, घरबसल्या अभियंता करून देतो असे कोणी सांगू लागला, तर पैसे देण्याआधी परिषदेची मान्यता विचारा आणि ती कागदावर बघा.

सरळ वाट कोणती, ते आता सांगते. पदविका झालेल्या मुलीला अभियांत्रिकी पदवीच्या एकदम दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. खुल्या वर्गाला पंचेचाळीस टक्के, राखीव वर्गाला चाळीस टक्के गुण हवेत. प्रवेश पदविकेच्या गुणांवर, वेगळी परीक्षा नाही. मूर्तिजापूरच्या बाईंना मी बोटांवर मोजून दाखविले. दहावीनंतर तीन वर्षे पदविका, म्हणजे तेरा. बारावीनंतर पदवीचे पहिले वर्ष, तेही तेराच. पुढे दोघींना तीन तीन वर्षे. वर्ष कोणाचे बुडाले? कोणाचेच नाही! आणि पदवी अर्धी सुटली तरी ह्या मुलीच्या हातात पदविका आहे. कनिष्ठ अभियंत्याच्या जागेला ती चालते.  आय.टी.आय. करून आलेल्या मुलांनाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला घेतात, मात्र त्यांचे एक वर्ष जास्त जाते.

महाविद्यालयांसाठी आता लांब जायला नको. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चे. बडनेऱ्याचे आणि शेगावचे १९८३ चे. अकोल्याला बाभूळगावचे आहेच. खर्चाचे म्हणाल तर २०२४-२५ पासून, घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असले तर सरकारी फेरीतून प्रवेश घेणाऱ्या मुलींना शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ आहे. अटी नीट वाचाव्या. प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला पन्नास हजारांची, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत.

हे सारे गोड झाले. कडू तेवढे राहिले, ते गणिताचे. बारावीवाली मुलगी पहिल्या वर्षाचे गणित ताजे घेऊन येते. आपल्या मुलीचे गणित पदविकेच्या सुरुवातीलाच आटोपलेले, मग दोन वर्षे मोजणी, आराखडे, काँक्रीट. आणि दुसऱ्या वर्षात पाऊल टाकताच समोर लाप्लास रूपांतर! कार्यशाळेत आणि मोजणीच्या शिबिरात ती सगळ्यांच्या पुढे असते, आणि ह्या एका विषयात नापास होऊन रडत बसते. प्रवेशाचे दार उघडे ठेवले पण उंबरठा हातभर उंच, असे हे झाले आहे. प्रवेशानंतर पहिले सहा आठवडे ह्या मुलांना केवळ गणित शिकवावे, असे मी अनेक सभांतून बोलले. माना सगळ्यांनी डोलविल्या.

ती मूर्तिजापूरची मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरते, वही घेऊन माझ्याकडे येते. आई डब्यात ज्वारीची भाकर आणि ठेचा माझ्याही वाटचा देते. पहिल्या चाचणीत तिला वीसपैकी सात मिळाले, दुसऱ्या चाचणीत तेरा. चुलते अजून बोलतात, पण त्यांच्या विहिरीची मोजणी परवा तिच्याकडूनच करून घेतली.

ज्यांच्या घरी पदविकेच्या शेवटच्या वर्षाची मुलगी असेल, त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे यावे. अर्जाला लागणाऱ्या कागदांची यादी मी लिहून आणली आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ लागतो, तो आधी काढून ठेवा.