इनएक्झॉरेबल : विनवणीला न बधणारं

यशवंतपूरहून बोलतोय. आजचा इंग्रजी शब्द ‘इनएक्झॉरेबल’. कोशात अर्थ मिळतो : अटळ, न थांबणारं. पण मुळातल्या लॅटिन शब्दाचा अर्थ आहे विनवण्या करून मन वळवणं. त्याला नकार जोडला की झालं, विनवणीला न बधणारं.

यशवंतपूर स्टेशनात शिरणारी गाडी लाल सिग्नलला थांबते. तिला हा शब्द लावू नका. काळाला लावा : ‘द इनएक्झॉरेबल मार्च ऑफ टाइम’.

फौजेत साहेबांना विनंती करून मी रजा वाढवून घ्यायचो. आईच्या शेवटच्या आजारात मात्र आणखी चार दिवस मागायचे कुणाकडे, तेच कळेना. शब्द तेव्हा समजला.

म्हणून म्हणतो, घरच्यांची भेट पुढे ढकलू नका. जय हिंद!