नाणे घासलेले आहे, हे कसे ओळखावे?

(मंडळाच्या गणेशोत्सवात मांडवात केलेले भाषण)



मी काही नाणेशास्त्राचा पंडित नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, रुळांची देखभाल हे माझे काम. नाण्यांचा नाद लागला तो एका चुकीपायी.

आमच्या गावच्या देवघरात तांब्याची एक शिवराई होती. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. महाराजांच्या नावाची ही नाणी पुढे पेशवाईतही पाडली जात. आजी रोज तिला हळदकुंकू वाहायची. आजीमागे ती माझ्याकडे आली. इथल्या एका जाणकारांना दाखवायची म्हणून आदल्या रात्री मी ती चिंच-मीठ लावून लख्ख घासली. त्यांनी भिंग लावले आणि विचारले, “काल घासलीत का?” अक्षरांच्या खाचेत बसलेले आजीचे कुंकूही मी धुऊन टाकले होते.

त्यांनी कसे ओळखले? आपल्या हेब्बाळ स्टेशनातला रूळ आठवा. चाकांनी माथा चकाकतो, पोट मात्र गंजून तांबूसच राहते. पोटही चकाकू लागले तर कुणीतरी मुद्दाम घासले असणार! हाताळून झिजलेल्या नाण्याचे उंचवटे असेच उजळतात, सखल भाग काळपट राहतो. घासलेल्या नाण्यात सखल भागही उजळ दिसतो आणि मळाची बारीक काळी कड तेवढी अक्षरांना चिकटून उरते, कारण ब्रश तिथे पोचत नाही.

आता रेघा. नाणे कडेने धरा, एकाच दिव्याखाली तिरपे करून सावकाश फिरवा. ट्यूबलाइट नको, बल्ब हवा. वापरातले ओरखडे वाटेल त्या दिशेला असतात. घासल्याच्या रेघा केसासारख्या, एकाच दिशेच्या किंवा गोलगोल. अक्षरापाशी थबकून पलीकडे पुन्हा सुरू होतात. रंगही बोलतो. जुने तांबे चॉकलेटी, घासलेले गुलाबी-केशरी.

चांदीचे जरा अवघड. पंचम जॉर्जचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. लक्ष्मीपूजनाला आपण तो दंतमंजनाने घासतो, तिथे रेघा सापडतात. सराफी द्रावणात बुडवलेल्यावर रेघ नसते. पण चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडतेच. तेव्हा झिजलेला रुपया शंभर वर्षांनी पांढराफटक दिसला की शंका घ्यावी. न वापरलेल्या नाण्याची खूण वेगळी. ठशाच्या दाबाने धातू कडेकडे सरकतो, त्याच्या सूक्ष्म रेषांमुळे नाणे फिरवताना उजेडाचे आरे चाकासारखे फिरतात. द्रावणात फार वेळ ठेवले की या रेषाच विरघळतात. नाणे पांढरे राहते, पण आरे फिरत नाहीत. संग्राहक पैसे कापतात ते यासाठी. गेलेला पृष्ठभाग परत येत नाही.

उद्या आरतीनंतर मी भिंग आणि दिवा घेऊन मांडवात बसणार आहे. घरची नाणी जरूर आणा. फक्त, वहिनी, आज रात्री ती पितांबरीने धुऊ नका!